समेट म्हणजे गप्प बसणे नव्हे

मैत्रिणींनो, भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते काही खोटं नाही. सकाळी अंघोळीच्या पाण्यावरून झालेली कुरबुर दुपारच्या चहापर्यंत विरून जाते. मुलांच्या अभ्यासावरून, पाहुण्यांच्या मानपानावरून, लग्नातल्या आहेराच्या साडीवरून झालेले रुसवेसुद्धा चार-आठ दिवसांत निवळतात. त्यासाठी कुणी मध्ये पडावं लागत नाही. उलट जो मध्ये पडतो त्यालाच दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात, हा तर आपणा सगळ्यांचाच अनुभव!

मी आज लिहिणार आहे ते या भांडणांविषयी नाही. काही भांडणांची मुळं फार खोल गेलेली असतात. त्यांचं कारण विचारावं तर दोन घरं दोन निरनिराळी कारणं सांगतात, आणि दोघांनाही आपलंच कारण खरं वाटत असतं. दोन सख्खे भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, पण एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. पोरांना 'काकूकडे जायचं नाही' एवढंच कळतं. का जायचं नाही ते कळत नाही. गंमत बघा, 'बंधुत्व' आणि 'भाऊबंदकी' हे दोन्ही शब्द भावावरूनच आले. एक आपण भाषणात वापरतो आणि दुसरा घरात!

आमचं सोमेश्वरनगर साखर कारखान्याभोवती वसलेलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, सगळीकडे उसाचे फड. पाणी आलं तशी सुबत्ता आली, आणि सुबत्तेबरोबर भांडणंही आली. कुणी कुणाचा बांध कोरला, पाटाच्या पाण्याची पाळी कुणी चुकवली, विहिरीची मोटर कुणाच्या नावावर, उसाची नोंद कुणाच्या नावावर आणि उसाचं बिल कुणाच्या खात्यावर. शहरातल्या मैत्रिणींना यातले काही शब्द अनोळखी वाटतील. पण बांधाच्या जागी वडिलांचा ब्लॉक घाला, विहिरीच्या जागी दुकानाची गादी किंवा आईचे दागिने घाला, म्हणजे गोष्ट तुमच्या ओळखीची होईल.

अशा भांडणात मधलं माणूस असावं, त्यानं दोघांना समोरासमोर बसवावं, हा विचार आमच्या तालुक्याला नवीन नाही. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. वर्गात मुलांना एक तारीख मी नेहमी सांगते, 12 मे 1875. त्या दिवशी आमच्याच बारामती तालुक्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता, आणि त्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. ते लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरलं. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

या दंग्यांतली एक गोष्ट मुलांना फार आवडते. लोक सावकारांच्या जिवावर फारसे उठले नाहीत. त्यांना हवे होते ते कागद! कर्जाचे रोखे, खतं, वह्या मागून घ्यायच्या आणि जाळून टाकायच्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. 1865 साली युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला आणि सावकारानं हात आखडता घेतला. ज्याला अक्षरओळख नाही त्याचा अंगठा कशावर घेतला, मूळ कर्ज किती आणि व्याज किती, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. राग साठत गेला तो त्या कागदांवर.

सरकारनं चौकशीसाठी कमिशन नेमलं आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही पुढे या कायद्याखाली काम पाहिलं. या कायद्यात एक तरतूद अशी होती की, सावकारानं शेतकऱ्यावर एकदम दावा लावायचा नाही. आधी सरकारनं नेमलेल्या, गावात वजन असलेल्या मध्यस्थापुढे जायचं. त्यानं दोघांना बोलावून तडजोड करून पाहायची. तडजोड होत नाही असा दाखला त्यानं दिला, तरच कोर्टाची पायरी चढायची. आजकाल 'मध्यस्थी' म्हणून ज्याचा गवगवा होतो, ती आमच्या भागात दीडशे वर्षांपूर्वी कायद्यानं आली होती!

पण यातच एक मेख आहे. मध्यस्थापुढे झालेला तडजोडनामा कोर्टात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचं बळ येई. आता विचार करा. एका बाजूला वह्या सांभाळणारा, हिशेबात मुरलेला सावकार. दुसऱ्या बाजूला पुढच्या पेरणीला बी कुठून आणू या चिंतेतला कुणबी. मधल्या माणसानं विचारलं, 'कबूल आहे ना?' तर तो 'हो' म्हणणार नाही तर काय म्हणणार? दोघं समान नसतील, तर दोघांना एका सतरंजीवर बसवल्यानं ती समान होत नाहीत. जो आधीपासून गप्प आहे, त्याचं गप्प बसणं कागदावर 'संमती' म्हणून उतरतं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण आपल्या घरांतल्या भांडणांत ही गप्प बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपणच असतो.

पुढे गावोगावी पंचच होते. 'पंचामुखी परमेश्वर' म्हणायची आपली रीत. 2007 च्या स्वातंत्र्यदिनापासून तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावात समिती, बांधावरचे आणि घरातले तंटे गावातच मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त झालं तर बक्षीस. त्या वर्षांत पुष्कळ गावांत जुनी भांडणं मिटली. काही ठिकाणी घाईघाईत 'मिटवली' गेली, हेही खरं.

त्या मोहिमेला ज्यांचं नाव दिलं होतं त्या गांधीजींची एक गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. 1893 साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला नावाच्या व्यापाऱ्याच्या एका दाव्यासाठी. समोरचे तय्यब शेठ हे त्यांचे नातेवाईकच. दावा चालू राहिला तर दोघंही वकिलांच्या फीपायी धुऊन निघणार, हे तरुण गांधींनी ओळखलं आणि दोघांना लवादाला राजी केलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, 37000 पौंड आणि खर्च. तिथं कुणीही म्हटलं असतं की काम संपलं. पण एवढी रक्कम एकदम द्यायची तर तय्यब शेठचं दिवाळं वाजणार आणि तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा गांधींनी जिंकलेल्या पक्षाकडे खेटे घातले आणि हप्त्यांनी पैसे घ्यायला त्यांना कबूल करवलं. लवादाला राजी करण्यापेक्षा हेच काम त्यांना जास्त अवघड गेलं.

निवाडा देणं आणि मध्यस्थी करणं यांतला फरक या गोष्टीत दिसतो. पंच किंवा लवाद ऐकून घेतो आणि निकाल देतो. 'अर्धं तुझं, अर्धं त्याचं, उठा आता.' मध्यस्थ निकाल देत नाही. निकाल दोघांनी मिळून काढायचा. त्याचं काम एवढंच की कुणाला काय बोचतंय ते बाहेर येऊ द्यायचं, आणि उठताना कुणाची मान खाली जाणार नाही हे पाहायचं. काम ऐकायला साधं वाटतं, पण करताना कस लागतो.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या घरात घडलं म्हणून लिहिते आहे, आणि जाऊबाईंना विचारून लिहिते आहे.

2013 साली मामंजी गेले. मागे साडेचार एकर जमीन, एक विहीर, कारखान्याचं सभासदत्व, आणि तीन मुलं: थोरले भाऊजी, आमचे हे, आणि इंदापूरला दिलेल्या वन्सं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. भाऊजी शेती पाहायचे, हे बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. वर्षभरातच पाळीवरून शब्दाला शब्द लागला. ह्यांच्या वाटच्या उसाला पाणी उशिरा मिळालं, खोडवा वाळला. मग उसाचं बिल भाऊजींच्या खात्यावर जमा झालं आणि त्याचा हिशेब नीट मिळाला नाही. मग अंगणात तारेचं कुंपण पडलं. वन्संना दोन्हीकडून निरोप: हक्कसोडपत्रावर सही कर. त्या म्हणाल्या, 'आधी तुम्ही दोघं बोला, मग मी सही करते.' झालं! त्या वर्षीपासून त्यांचं पंचमीला येणं बंद, भाऊबीज बंद.

भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी दोनदा बैठक घेतली. पुरुष ओसरीवर, आम्ही दोघी जावा आत. आमचं काम चहा करण्याचं. एका शेगडीवर दोघींनी एकमेकींकडे न बघता चहा केला. बाहेर ठरलं, आठवडाभराचं पाणी निम्मं निम्मं, बिल निम्मं निम्मं. हात जोडले गेले, गूळ वाटला. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. दुसऱ्या बैठकीत एक आजोबा आत डोकावून आम्हाला म्हणाले, 'बायांनी समजून घेतलं तर सगळं मिटतंय.' तुम्हीही हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल. पण काय समजून घ्यायचं, ते मात्र कुणी सांगत नाही!

2017 साली वाटपाचा दावा बारामतीच्या कोर्टात गेला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण घरातल्या पायऱ्या बंद झाल्या की माणूस ती चढतो. तारखा पडत राहिल्या. सहा वर्षांत निकाल नाही. फक्त भाऊजींचे केस पिकले आणि ह्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. 2023 च्या उन्हाळ्यात न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. दिवाणी कायद्यातच तशी सोय आहे. कलम 89, 2002 सालापासून ते सध्याच्या रूपात लागू आहे. मध्यस्थ म्हणून एक वकीलबाई होत्या, या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या. त्यांची फी आम्हाला द्यावी लागली नाही.

पहिल्या दिवशी तिघं भावंडं आत गेली. दाव्यात नावं त्यांचीच होती. आम्ही दोघी जावा बाहेर बाकावर, दोन टोकांना. अर्ध्या तासानं त्या बाई दाराशी आल्या. 'तुम्ही कोण?' आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग बाहेर का? पाणी तुम्हीही देता, ऊस तुम्हीही खुरपता, घर तर तुम्हीच चालवता. सगळ्यांची हरकत नसेल तर आत या.' हरकत कुणी घेतली नाही. त्या दिवसापर्यंत नऊ वर्षांत या भांडणावर कुणी आम्हाला काही विचारलं नव्हतं.

त्यांनी आधी प्रत्येकाशी एकेकटं बोलून घेतलं. जे एकटीशी सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळणार नाही, आणि इथं बोललेलं कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. मग सगळे एकत्र बसलो. जमिनीचा नकाशा समोर होता. पण त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि विचारलं, 'ही विहीर खोल कधी केली?' भाऊजी म्हणाले, '2003 च्या दुष्काळात.' 'पैसे कुठून आणले होते?'

कुणी बोललं नाही. भाऊजी खाली बघायला लागले. मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, 'माझ्या पाटल्या मोडल्या होत्या.'

माझं लग्न 2011 सालचं. मला हे माहीतच नव्हतं. आश्चर्य म्हणजे ह्यांनाही माहीत नव्हतं! हे तेव्हा कॉलेजात होते. भाऊजींनी दहावीनंतर शाळा सोडून मामंजींबरोबर नांगर धरला होता, तो धाकट्यानं शिकावं म्हणून. त्याच विहिरीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या उसातून ह्यांची फी भरली गेली. आणि मग वाटणीच्या वेळी सगळं निम्मं निम्मं! भाऊजींच्या मनात इतकी वर्षं काय सलत होतं, ते त्या दिवशी कळलं. निम्मं हे गणितानं बरोबर होतं. पण त्या गणितात पाटल्या नव्हत्या, आणि सोडलेली शाळाही नव्हती.

ह्यांचंही एक दुखणं होतं. मामंजींच्या शेवटच्या आजारात ह्यांना निरोप उशिरा गेला. हे पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. भाऊजी म्हणाले, 'डॉक्टर म्हणत होते उतार पडेल. तुझी ड्युटी बुडू नये म्हणून थांबलो.' इतक्या वर्षांत हे वाक्य बोललं गेलं नव्हतं. पाण्याच्या पाळीवरून भांडणं सोपं असतं हो. बापाच्या अंत्यदर्शनाविषयी कुणी कुणाशी भांडायचं?

मैत्रिणींनो, पाच बैठका झाल्या. सगळ्या गोड झाल्या असं नाही. तिसऱ्या बैठकीत भाऊजी उठून चालू लागले होते. पण अडीच महिन्यांत कागद झाला. विहिरीचं पाणी आठवड्यातून चार दिवस भाऊजींना, तीन दिवस आम्हाला. वीजबिल त्याच प्रमाणात. उसाची नोंद ज्याची त्याच्या नावावर, बिल ज्याचं त्याच्या खात्यावर. आणि कागदात एक वाक्य घातलं की, सदर विहीर 2003 साली थोरल्या सूनबाईंच्या सोन्याच्या पाटल्या मोडून खोल केली. आमच्या वकिलांनी म्हटलं, 'या वाक्याची कायद्याला काही गरज नाही.' मध्यस्थ बाई म्हणाल्या, 'कायद्याला नसेल, यांना आहे.' पाणी एक दिवस कमी घ्यायला हे ज्या सहजतेनं तयार झाले, ते त्या वाक्यानंतरच. आणि जाऊबाईंनी तो कागद देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवला आहे.

आता वन्संचं. इथं मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आपण सगळ्याच कुणाच्या तरी लेकी आहोत आणि कुणाच्या तरी भावजया आहोत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क, हा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू आहे. महाराष्ट्रानं तर 1994 सालीच, तेव्हा ज्यांची लग्नं व्हायची होती अशा मुलींसाठी, हा हक्क दिला होता. 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच असतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीसुद्धा आपल्याकडे हक्कसोडपत्र हा जणू मुलीच्या चांगुलपणाचा दाखला झाला आहे. सही केली तर बहीण, नाही केली तर वाटेकरीण!

बाईंनी वन्संना एकटीला बसवून कायदा समजावून सांगितला आणि विचारलं, 'तुम्हाला काय हवं?' वन्सं म्हणाल्या, 'वीस गुंठे माझ्या नावावर राहू देत. बाकीचं मी सोडते. माहेरच्या शिवारात पाय ठेवायला मला कुणाच्या आमंत्रणाची वाट बघायला लागू नये.' हे त्यांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा दोघा भावांनी मान डोलावली. दहा वर्षांत त्या बाईला दोघांनीही विचारलं होतं ते सहीचं. हवं काय ते कुणी विचारलं नव्हतं.

सगळं मनोमीलन झालं, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. भाऊजी आणि हे अजूनही पाण्याखेरीज फारसं बोलत नाहीत. तारेचं कुंपण आहे, मात्र त्यात एक फाटक आलं आहे आणि पोरं त्यातून पळत असतात. यंदा पंचमीला वन्सं आल्या, एक दिवस तिकडे राहिल्या, एक दिवस इकडे. जाऊबाई माझ्याकडे दळणाच्या डब्याची चौकशी करायला येतात आणि तासभर बसतात. एवढं पुष्कळ झालं.

आता तुमच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी. भांडण कोर्टात जायच्या आधीसुद्धा मध्यस्थीची सोय मिळू शकते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते; तिथं दावा लावण्यापूर्वीच अर्ज देता येतो. विधी सेवेच्या 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चौकशीसाठी फोन नंबर 15100. चालू दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील होत नाही. म्हणूनच सही करण्याआधी कागद दोनदा वाचा, वाचून घ्या, घरी नेऊन विचार करायला वेळ मागा. 'एवढ्यात सही करा, साहेब निघतायत' असं कुणी म्हटलं तर पेन खाली ठेवा. 2023 साली संसदेनं मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला. बोललेलं गुप्त राहावं आणि काम ठरावीक दिवसांत संपावं, यावर त्याचा भर आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्य शासनानं 'सलोखा' योजना आणली. बारा वर्षांहून अधिक काळ एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक एक हजार आणि नोंदणी एक हजार, एवढ्यावर काम होईल अशी ती सोय. तुमच्याकडे असा गुंता असेल तर ती आता कोणत्या मुदतीपर्यंत आहे ते तलाठ्याकडे विचारा.

मध्यस्थ निवडताना एक पाहा. तो दोघांचाही देणेकरी नसावा. ज्याला एका घरचं मत हवं आहे, ज्यानं एका घराला कर्ज दिलं आहे, तो कितीही मोठा असला तरी नको. आणि जो आल्याआल्या 'मी सांगतो कसं ते' म्हणतो तो पंच असेल, मध्यस्थ नव्हे.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. जिथं मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथं 'बसून मिटवू' या शब्दाला भुलू नका. मार खाणारी आणि मारणारा एका सतरंजीवर बसले म्हणून समान होत नाहीत. सुप्याच्या सावकाराची आणि कुणब्याची गोष्ट आठवा. तिथं आधी संरक्षण. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा त्याचसाठी आहे, आणि 181 हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे. तसंच कुणी जातीच्या नावानं बैठक घेऊन एखाद्या घराला वाळीत टाकत असेल, तर तो समेट नव्हे, गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2016 साली त्याविरुद्ध कायदा झाला आहे.

आपल्या हातात मात्र याहून लहान, रोजची एक गोष्ट आहे. तुमच्या घरी, तुमच्या चाळीत, तुमच्या भावकीत उद्या अशी बैठक बसली, तर चहाचा ट्रे घेऊन जाताना एकदा नजर फिरवा. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे, त्यांतलं कोण इथं नाही? थोरली सून? लग्न होऊन गेलेली लेक? म्हातारी आजी, जिच्या औषधाचा खर्च कुणी करायचा ते ठरतंय? ट्रे खाली ठेवून सरळ विचारा, 'त्यांना बोलवायचं नाही का?' क्षणभर सगळे तुमच्याकडे बघतील. बघू देत. आणि तुम्हीही मग तिथंच बसा. चहा गार झाला तर दुसरा करता येतो.